उजवा डोळा झाकायचा होता

माझ्या मुलीने साडेतीन महिने रोज सकाळी चार तास डोळ्यावर पट्टी लावली आणि एकदाही रडली नाही. याचं मला केवढं कौतुक होतं! कारखान्यात, चहाच्या टपरीवर, जिन्यात भेटेल त्या शेजाऱ्याला मी ते सांगत सुटलो होतो. आज मी ते कुणाला सांगत नाही. तिने रडायला पाहिजे होतं. पहिल्याच दिवशी तिने घर डोक्यावर घेतलं असतं, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मी सुरतेत, उधन्यातल्या एका लूमच्या कारखान्यात कापड तपासतो. मागावरून उतरलेला कापडाचा ताका तिरप्या काचेच्या टेबलावरून ओढत न्यायचा. काचेखाली ट्यूबलाइट जळत असते. तुटलेला तार, जाळं, तेलाचा डाग, जे काही असेल ते हेरायचं, आणि खोट सापडली की तिच्यावर लाल चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. अठरा वर्षं मी हेच करतोय. डोळा खोटेवर पडायच्या आत हात पट्टीकडे गेलेला असतो. ह्याच्या नजरेतून तार सुटत नाही, असं शेठ चार लोकांत म्हणतो, आणि ते ऐकून माझी छाती फुगायची, हे कशाला लपवू?

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. डिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत माझी स्वतःची पोर रोज माझ्यासमोर अडखळत होती. ती ग्लासात पाणी ओतायला जायची आणि धार ग्लासच्या बाजूला पडायची. आतल्या खोलीत जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा, तोही रोज त्याच चौकटीवर. जिना उतरताना भिंतीला हात लावून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरायची. तिच्याहून लहान पोरं धडाधड उतरून जायची, ही मध्येच. चित्रात रंग भरला की रेघेबाहेर. सुईत दोरा ओवायला दिला की दोरा सुईच्या पुढून निघून जायचा, आणि ही मान वाकडी करून पुन्हा पुन्हा बघत राहायची.

मी तापट माणूस. माझ्याकडे या सगळ्याला एकच उत्तर होतं. "डोळे फुटलेत का तुझे?" धांदरट म्हणायचो, आळशी म्हणायचो. कधी पाणी सांडलं की पाठीत धपाटाही बसायचा. बायको मध्ये पडली की मी म्हणायचो, तुझ्याच लाडाने बिघडलीय.

डोळ्याचा संशय येणार तरी कसा? तिला लांबचं आमच्याहून चांगलं दिसायचं. उतराणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, सगळी डिंडोली गच्चीवर असते. आभाळातल्या पतंगांचे रंग ही बोट दाखवून सांगायची, आणि ते बरोबर असायचे. त्याच दिवशी एक कटलेला पतंग आमच्या गच्चीवरून चालला होता. दोरा हिच्या अगदी तोंडासमोरून गेला, हिने झेप घेतली, आणि मूठ वीतभर अलीकडे, हवेतच मिटली. पोरं हसली. मीही हसलो. ती मूठ उघडून बघत होती, जणू दोरा त्यात असायलाच पाहिजे होता.

मग जुलैमध्ये शाळेत डोळे तपासायला माणसं आली. उजवा डोळा झाकला, तर हिला तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचता येईना. वर्गाच्या बाईंनी विचारलं, काय दिसतं? ही म्हणाली, "धूर आहे." बाईंनी चिठ्ठी दिली, आठ दिवसांत डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवा.

बायकोला तेव्हा सातवा लागला होता. दुसरं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं, त्यामुळे ती खान्देशात गेली. मुलीची शाळा बुडू नये म्हणून तिला सुरतला ठेवलं, आणि माझी आई गावाहून आमच्याकडे आली. तेव्हा दवाखान्यात मी एकटाच घेऊन गेलो, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून.

डॉक्टरबाई गुजराती होत्या, माझ्याशी हिंदीत बोलत होत्या. समजावून सांगण्यात त्यांनी काही कसर ठेवली नाही, हे आधीच सांगतो. डाव्या डोळ्याला जन्मापासून मोठा नंबर आहे, त्यातून चित्र पुसट येतं. उजव्यातून स्वच्छ येतं. मग मेंदू स्वच्छ चित्र घेतो आणि पुसट टाकून देतो. रोज टाकून देता देता तो त्या डोळ्याकडे बघायचंच विसरतो. बाहेरून डोळा चांगला दिसतो, तिरळाही नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून जो अंदाज येतो, वस्तू किती जवळ, पायरी किती खोल, तो हिला येत नाही. म्हणून पाणी सांडतं, म्हणून खांदा आपटतो. या दुखण्याला आळशी डोळा म्हणतात.

आळशी हा शब्द ऐकून माझे कान तापले. इतकी वर्षं मी तो शब्द पोरीला लावत होतो.

"नुसत्या चष्म्याने भागणार नाही, पट्टी लावावी लागेल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फाइलवर बोट ठेवलं. "भाई, बेबी साडेछह साल की है. अभी मौका है. सात-आठ के बाद दिमाग जल्दी मानता नहीं. थोड़ा फायदा होता है, पर कम, और बहुत धीरे." हे मात्र मी नीट ऐकलं. वय निघून चाललंय, एवढं एक वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला.

कारखान्यातून मुकादमाचा फोन होता. मिलमधून काही ताके परत आले होते आणि ते माझ्या टेबलावरचे होते, असं त्याचं म्हणणं. माझं रक्त उसळलं. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन त्याच्याशी भांडत राहिलो. परत आलो तेव्हा डॉक्टरबाई पुढच्या पेशंटकडे वळल्या होत्या. तिथली एक मदतनीस मुलीसमोर उकिडवी बसून, हातात पट्टी धरून काहीतरी सांगत होती आणि मुलगी मान डोलवत होती. "बेबी को सब समझा दिया है," ती मला म्हणाली. "चश्मा आये तब से चालू करना. रोज चार घंटे. छह हफ्ते बाद दिखाने आना. फाइल में लिखा है. समझ गये?"

"समजलं," मी म्हणालो. मला समजलं नाही असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. फाइल घरी आणून कपाटावर ठेवली.

आठव्या दिवशी चष्मा आला. सकाळी साडेसहाला, कामावर निघायच्या आधी, मी पोरीला खाटेवर बसवलं आणि पाकिटातली एक पट्टी काढली. खोट डाव्या डोळ्यात होती. माझा हात सरळ डाव्या डोळ्याकडे गेला. विचार करायला मी थांबलोच नाही. अठरा वर्षं हात जिथे जातो तिथे गेला. विचार केला असता तरी हेच केलं असतं, असंही वाटतं. मोडलेल्या हाताला प्लास्टर, जखमेला पट्टी, मग दुखऱ्या डोळ्याला नको? आईला मी तसं समजावूनही सांगितलं, डोळा थकलाय, त्याला आराम द्यायचाय.

पट्टी लावताना पोरीने चेहरा जरासा मागे घेतला होता. "हलू नको," मी म्हणालो. मग ती हलली नाही.

आईला भीती वाटत होती. "पट्टी लाईसनी पोर पडी जाई रे भाऊ," ती म्हणाली. पण पोर उठली, चष्मा नीट केला, दूध प्यायली, वही काढून चित्र काढायला बसली. आईचा जीव भांड्यात पडला. "देख, काय बी तरास नही. गुनी पोर शे मनी."

तेव्हापासून रोज सकाळी मीच पट्टी लावायचो आणि साडेदहाला शाळेची तयारी करताना आई ती काढायची. दिवस इतके सुरळीत चालले होते, की त्या सुरळीतपणाचाच संशय यायला हवा होता. घरात रडारड नाही, धडपड नाही. मी मात्र लोकांना सांगत होतो, पोरीत दम आहे, बापावर गेलीय.

कारखान्यात मराठवाड्याकडचा एक कारागीर आहे. त्याच्या भाच्यालाही हाच आजार होता. चहा पिता पिता तो म्हणाला, "आमच्या पोरानं तर पट्टी फाडून फेकली. भिंतीला धडकायचा. दोन दिवस जेवला नाही. पंधरा दिवस घरात नुसता आकांत." मग थांबून म्हणाला, "तुमची रडत नाही?"

"नाही."

"काहीच नाही? पट्टी लावून हिंडती-फिरती?"

"पळते," मी म्हणालो.

त्याने चहाचा ग्लास तसाच हातात धरला आणि माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण मी कसा आहे हे त्याला ठाऊक होतं. तो ग्लास ठेवून आपल्या मागाकडे गेला. मला वाटलं, जळतोय.

सप्टेंबरमध्ये पोर शाळेच्या जिन्यावरून तीन पायऱ्या पडली. डावा गुडघा फुटला. पाणी अजून ग्लासच्या बाहेरच पडत होतं, उलट जास्तच. बाईंनी वहीत लिहून पाठवलं, फळ्यावरचं उतरवते पण ओळीवर ओळ चढवते. मी म्हणालो, इलाजाला वेळ लागतो, डोळा काय नळाची तोटी आहे का, फिरवली की सुरू व्हायला?

बायकोला मुलगा झाला. एका सुट्टीच्या सकाळी आम्ही व्हिडिओवर बाळ बघितलं. पोर पट्टी लावूनच बसली होती, भावाच्या नाकावरचा तीळ तिने लगेच ओळखला. पलीकडे बायकोने बाळाला खाली ठेवलं. मग म्हणाली, "अहो, पट्टी लावल्यावर तिला एवढं दिसतं?"

"दिसतं की. मस्त दिसतं."

"मग त्या डोळ्याचा इलाज कसा होतोय?"

एवढा साधा प्रश्न. बाळंतिणीने, शंभर कोसांवरून, फोनच्या काचेत बघून विचारलेला. मी उचकलो. "तू डॉक्टर आहेस का? इथे मी रोज पहाटे उठून करतोय, आणि तू तिकडे बसून मला शिकवतेस?" मी फोन कापला. पोर शेजारीच बसली होती. तिने वही उचलली आणि आतल्या खोलीत गेली.

सहा आठवडे झाले तेव्हा दिवाळीचा सीझन तोंडावर होता. बाजारात माल कमी पडत होता, कारखाना दिवसरात्र चालू. सुट्टी मिळाली नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मागितलीच नव्हती. मागितली असती तर अर्धा दिवस मिळाला असता. पोर एवढी छान आहे, घाई कशाला, असा विचार केला. आईनेही तेच म्हटलं. वय निघून चाललंय हे वाक्य डोक्यात होतं, पण मला वाटत होतं की आपण त्याच्या पुढे धावतोय.

दिवाळीनंतर बायको बाळाला घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी पट्टी लावली. ती बाळाला पाजत बसून बघत होती. पट्टी लावून झाल्यावर तिने पोरीला जवळ बोलावलं आणि सुई-दोरा दिला. पोरीने मान जराशी वाकडी करून, दोन-चार प्रयत्नांत का होईना, दोरा ओवला. मग बायकोने पट्टी हळूच सोडवली, पोरीच्या उजव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवला आणि समोर बोटं धरली. "किती?"

पोर थांबली. हात पुढे करून बोटं चाचपायला लागली.

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज खाडा करा. आत्ताच दवाखान्यात जायचं."

रिक्षात मी बायकोवर दोनदा ओरडलो.  पांडेसऱ्यात, दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली. मला कळलं होतं. पण कळलं असं कबूल करायला मी अजून तयार नव्हतो.

दवाखान्यात तीच मदतनीस होती. पट्टी घरी कशी लावता ते दाखवा, म्हणाली. मी लावून दाखवली. तिचा चेहरा उतरला. "भाई, रोज इसी आँख पे?"

"रोज," मी म्हणालो. आणि सवयीने पुढे बोलून गेलो, "एक दिन भी नहीं चुका."

ती उठून डॉक्टरबाईंना बोलवायला गेली.

तपासणी बराच वेळ चालली. जुलैमध्ये त्या डाव्या डोळ्याने, भिंग लावल्यावर, दोन ओळी तरी वाचल्या होत्या. आता वरचं एकच अक्षर, तेही अडखळत. डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर मी भांडलो असतो, फोनचा, कारखान्याचा, गर्दीचा दोष काढला असता. त्या ओरडल्या नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाल्या, चांगला डोळा झाकायचा होता, म्हणजे मेंदूला दुसऱ्याचं ऐकावं लागलं असतं. तुम्ही उलट त्याला उरलंसुरलंही विसरायला लावलंत. "जो महीने गये, वो वापस नहीं आयेंगे. अब दुगुनी मेहनत. कितना लौटेगा, मैं वादा नहीं करती." पोरीला सात पूर्ण व्हायला तेव्हा महिना उरला होता.

मदतनीस मध्येच म्हणाली, मी बेबीला नीट समजावलं होतं, तिने स्वतःच्या हाताने उजव्या डोळ्यावर पट्टी धरून दाखवली होती. डॉक्टरबाई पोरीसमोर वाकल्या आणि कोणता डोळा झाकायचा ते माहीत होतं का, असं त्यांनी गुजरातीत विचारलं, "बेटा, तने खबर हती, कई आंख बंद करवानी?"

पोरीने आधी माझ्याकडे बघितलं. मग हळूच मान हलवली. "हती."

"तो पप्पाने केम न कह्युं?" मग पप्पांना का सांगितलं नाहीस, असं त्या विचारत होत्या.

ती चष्म्याची दांडी चाळवत राहिली. मग म्हणाली, "पप्पा वढे."

गुजरातीत वढवुं म्हणजे रागावणं. सुरतेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला तो शब्द कुणी समजावून द्यावा लागत नाही. खोलीत मदतनीस होती, डॉक्टरबाई होत्या, दाराशी दोन पेशंट उभे होते. बायको बाळाच्या दुपट्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. साडेतीन महिने, रोज सकाळी, माझी पोर माझ्यासमोर खरं काय ते माहीत असून गप्प बसली होती. डोळा गेला तरी चालेल, पण बापाची चूक काढायची नाही, हे तिला मी शिकवलं होतं. शाळेत तेवढं कुणी शिकवत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी उजव्या डोळ्यावर लागली. मग जे पहिल्या दिवशी व्हायला पाहिजे होतं ते झालं. ती भिंत धरून चालू लागली. दूध सांडलं. बायको समोर बसलेली असताना "मम्मी कुठे गेली?" म्हणून विचारलं. मग रडली, पट्टी ओरबाडली, पुन्हा लावली की पुन्हा ओरबाडली. माझी आई पदराने डोळे पुसत म्हणत होती, "नको करू रे तिले असं, नको करू." बायको पोरीला मांडीवर घट्ट धरून बसली आणि तिला रडू दिलं. मी कामावर गेलो नाही. मी ते सगळं बघत उभा राहिलो, कारण ते बघणं माझ्या वाट्याचं होतं.

त्याला आता सात महिने होतील. डावा डोळा कधी तीन ओळी वाचतो, कधी दोन. तिसरी ओळ पक्की होत नाही. दर वेळी डॉक्टरबाई "देखते हैं" म्हणतात, आणि त्यांच्या त्या म्हणण्यातलं बळ मला दर वेळी थोडं कमी वाटतं. पोर आठव्या वर्षात आहे. मला भीती वाटते. कारखान्यात टेबलावर कापड सरकत असतं आणि मी एक डोळा मिटून बघतो, तिला कसं दिसत असेल ते. तरी मला कळत नाही, कारण माझे दोन्ही डोळे चांगले आहेत.

मी घरात आवाज चढवत नाही. चढवायचा नाही, असं बायकोसमोर बोललोय, आणि बहुतेक दिवस पाळतो. पट्टी लावायच्या आधी रोज पोरीला विचारतो, "सांग, कोणत्या डोळ्याला?" मला माहीत असतं. तिच्या तोंडून ऐकायचं असतं, म्हणून विचारतो. "उजव्या," ती म्हणते, अगदी हळू.

गेल्या आठवड्यात मला वाटलं, बघू या, आता तरी बोलते का. न विचारता मी पाकिटातून पट्टी काढली आणि मुद्दाम, सावकाश, तिच्या डाव्या डोळ्याकडे नेली. तिने पट्टीकडे बघितलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी चेहरा जमेल तितका मऊ ठेवला होता. आता म्हणेल, पप्पा, तो नाही. मी थांबलो. पट्टी तिच्या डोळ्यापासून बोटभर लांब होती.

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला, चेहरा वर केला, दोन्ही डोळे मिटले आणि अजिबात हलली नाही.